पथ्य की उपासमार?

घरात कुणाला कावीळ झालीय हे शेजारणीला सांगावं लागत नाही. दोन दिवस त्या घरातून फोडणीचा वास आला नाही की तिला कळतंच. तेल बंद, तूप बंद. हळद बंद, कारण पिवळ्या दुखण्याला पिवळं चालत नाही म्हणे! डाळ जड, अंडं उष्ण, दुधानं कफ होतो. मग उरलं काय? लाह्या, मऊ भात, उसाचा रस आणि गळ्यात कुठून तरी आणलेली काविळीची माळ. ती माळ दिवसेंदिवस लांब होत जाते आणि घरचे म्हणतात, बघा, उतरतेय कावीळ! अहो, माळेतल्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते.

दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय मात्र माळेला आणि पथ्याला मिळतं. तेवढ्यापुरतं चार आठवडे कुणी फिकं खाल्लं तर धडधाकट माणूस ते सोसतो. माझी तक्रार त्याबद्दल नाही. माझी तक्रार आहे ती हेच पथ्य आपण लिव्हर सिरॉसिसच्या माणसाला लावतो त्याबद्दल, आणि तेही महिनोन् महिने. लिव्हरच्या जुन्या दुखण्यात माणूस आजारानं खचतो हे खरंच, पण त्याच्या जोडीला तो उपासमारीनंही खचतो. आणि वाईट याचं वाटतं, की ही उपासमार त्याच्यावर सगळ्यात जास्त माया करणारी घरातली बाईच करत असते. पथ्य म्हणून. काळजीपोटी.

मी डॉक्टर नाही. अंबाजोगाईत राहते, बरीच वर्षं गृहविज्ञान शिकवलं. आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं सरकारी रुग्णालय. केज, धारूर, परळी, माजलगाव, सगळीकडून माणसं येतात. ओळखीपाळखीच्या पेशंटला डबा देणं हे आमच्या गल्लीतल्या बायकांचं जुनं काम. डबा द्यायचा म्हणजे आधी विचारावं लागतं, पेशंटला काय चालतं? लिव्हरचा पेशंट असला की उत्तर ठरलेलं. "काय बी नको ताई, नुसती भाताची पेज द्या. लिव्हर खराब हाय, पचत नाही." असं सांगणाऱ्या माऊलीच्या शेजारी तिचा नवरा पडलेला असतो. पोट माठासारखं, आणि दंड? माझ्या मनगटाएवढे.

सिरॉसिस म्हणजे वर्षानुवर्षं मार खाऊन लिव्हर निबर होणं. जखम भरताना व्रण धरतो ना, तसे लिव्हरच्या आत व्रण धरत जातात. कारण दारू असते, हिपॅटायटिस बी किंवा सी असतो, हल्ली मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारी लिव्हरमधली चरबीही असते. दुखणं पुढे गेलं की पोटात पाणी होतं, पाय सुजतात, डोळे पिवळे होतात, कधी रक्ताची उलटी होते, कधी माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो. ही सगळी लक्षणं आपल्याला दिसतात, आपण घाबरतो, धावपळ करतो. एक गोष्ट मात्र दिसूनही दिसत नाही. अंगावरचं मांस झडणं.

डॉक्टरांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टर्कोट या दोघा शल्यविशारदांनी सिरॉसिसचा पेशंट किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी पाच गोष्टींची यादी केली. कावीळ किती, रक्तातलं अल्ब्युमिन किती, पोटात पाणी आहे का, मेंदूवर परिणाम आहे का, आणि पाचवी गोष्ट होती पेशंटचं पोषण कसं आहे. १९७३ मध्ये पग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीत बदल केला. पोषण काढलं आणि त्या जागी रक्त गोठायला लागणारा वेळ घातला. तो प्रयोगशाळेत आकड्यात मोजता येतो, पोषण असं एका आकड्यात बसत नाही. ही सुधारलेली यादी आजही जगभर वापरतात, ती उपयोगाचीही आहे. पण मला आपलं वाटतं, फाइलीत जे लिहिलं जात नाही ते हळूहळू बोलण्यातूनही जातं. रिपोर्टचे आकडे घरातल्या पोरांनाही पाठ असतात. पेशंट काल दिवसभरात काय जेवला, हे विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये पोषणावर सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की सिरॉसिस सुरुवातीच्या, सांभाळून असलेल्या अवस्थेत असतो तेव्हा सुमारे २० टक्के रुग्ण कुपोषित असतात, आणि पाणी होणं, कावीळ, भ्रम असं सुरू झालं की निम्म्याहून जास्त. आणि जे कुपोषित असतात त्यांच्या अंगात जंतुसंसर्ग लवकर शिरतो, दवाखान्यातला मुक्काम लांबतो, भ्रमाचे झटके जास्त येतात, ते लवकर जातात. लिव्हर बदलायची वेळ आलीच तर त्या ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांनाच जास्त. म्हणजे खाणं ही औषधाच्या बाजूला ठेवायची गोष्ट नाही, ती औषधातच धरायला हवी.

आता तुम्ही म्हणाल, लिव्हरच खराब तर खाल्लेलं अंगी लागणार कसं? त्यासाठी लिव्हर काय करतं ते जरा समजून घेऊ. आपल्या घरात कणगी असायची ना, तशी लिव्हर ही शरीराची कणगी. दिवसा खाल्लेल्यातली साखर तिथे साठते आणि रात्री आपण झोपलो की थोडी थोडी बाहेर निघते. सिरॉसिसमध्ये कणगीच आक्रसलेली. साठा थोडा, तो लवकर संपतो. मग शरीर काय करतं? दुष्काळात कडबा संपला की शेतकरी बैल बाजारात नेतो, तसं शरीर स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं. धडधाकट माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याच्या शरीराची जी अवस्था होते, ती सिरॉसिसच्या पेशंटची एका रात्रीच्या उपाशी झोपेत होते. संध्याकाळी सातला चार घास पेज आणि सकाळी नऊला चहा. चौदा तास! रोज.

बरं, स्नायू गेले तर नुसती ताकद जाते असंही नाही. शरीरात तयार होणारा अमोनिया लिव्हर साफ करतं. लिव्हरला जमेनासं झालं की त्यातलं बरंच काम स्नायू उचलतात. तेच झडले तर अमोनिया रक्तात वाढतो, मेंदूवर जातो आणि माणूस बरळायला लागतो. मग घरचे घाबरून उरलीसुरली डाळही बंद करतात. स्नायू आणखी झडतात. हे चक्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

डाळ-दूध-अंडी बंद करण्याचा सल्ला नुसता आजीबाईंचा नाही. गेल्या शतकात बरीच वर्षं डॉक्टरही हेच सांगत. प्रथिनांतून अमोनिया होतो, म्हणून प्रथिनं तोडा. दिसायला सरळ हिशेब. २००४ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी तो तपासून पाहिला. भ्रमाच्या झटक्यानं दाखल झालेल्या काही पेशंटना प्रथिनं कमी दिली, काहींना नेहमीएवढी. झटक्यातून बाहेर येण्यात दोघांत फरक पडला नाही, उलट कमी प्रथिनंवाल्यांच्या अंगातलं मांसच जास्त मोडलं गेलं. आपल्या दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १२० पेशंट, सहा महिने. अर्ध्यांना भरपूर उष्मांक आणि वनस्पतींतून मिळणारी प्रथिनं मोजून दिली, बाकीचे नेहमीसारखं जेवत राहिले. चांगलं जेवणाऱ्यांच्या मेंदूच्या चाचण्या कितीतरी जास्त जणांत सुधारल्या. वनस्पतींतली प्रथिनं म्हणजे आपल्या डाळी आणि कडधान्यंच की! तरीही आज एखाद्या दवाखान्यातून पेशंट बाहेर पडताना "डाळी, दूध, अंडी बंद" असं लिहिलेला कागद हातात पडतो तेव्हा मला राग येतो. असा कागद मिळाला तर गप्प बसू नका. नम्रपणे विचारा, डॉक्टरसाहेब, कायमचं बंद का? किती दिवस? मग ताकद कशातून येणार? शक्य असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवून घ्या.

आता हिशेब मांडू. हल्लीच्या सूचनांप्रमाणे किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. आकडा ऐकून दडपण येतं, पण आपल्या चुलीवर तो बसतो. ज्वारीच्या एका भाकरीत सहा ग्रॅमच्या आसपास. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, तेवढंच. पेलाभर दूध, सहा-सात. अंडं एक, सहा. मूठभर शेंगदाणे, सात. तीन भाकरी, दोन वाट्या वरण-उसळ, दोन पेले दूध, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे. बसली की साठी! अंडं चालत नसेल तर सोयाबीनच्या वड्या घाला, मूठभर वड्यांत दोन अंड्यांहून जास्त प्रथिनं असतात. दुकानातल्या महागड्या पावडरीच्या डब्यावाचून काम अडत नाही. गरज असेल तर डॉक्टर सांगतील, पण जेवणाचे पैसे त्या डब्यात घालून वरून पेज पाजायची, हे कुठलं शहाणपण?

अडचण वेगळीच असते. पेशंटला एवढं एका वेळी जात नाही. पोटात पाणी असलं की चार घासांत पोट गच्च होतं. म्हणून दोन वेळच्या ताटाचा नाद सोडायचा. सकाळी उठल्या उठल्या काहीतरी, मग दर तीन तासांनी थोडं थोडं. बाळंतिणीचं करतो ना आपण, तसंच.

आणि झोपायच्या आधी. हे मी ठळक अक्षरात छापा म्हणून संपादकांना सांगणार आहे. रात्री झोपताना पेशंटच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. न्यूझीलंडमध्ये शंभरेक पेशंटवर वर्षभर एक अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला. सगळ्यांना एकच जादा आहार दिला, फक्त काहींना दिवसा आणि काहींना रात्री. रात्री घेणाऱ्यांच्या अंगावर सुमारे दोन किलो मांस चढलं. दिवसा घेणाऱ्यांच्या नाही. तिकडे पेय दिलं होतं. आपण काय द्यायचं? रात्री जवळजवळ ५० ग्रॅम पिष्ट आणि जोडीला थोडी प्रथिनं असावीत असं सांगतात. पेलाभर दुधात कुस्करलेली एक भाकरी, झालं की! इतकं सोपं औषध दुसरं नसेल. दूध नको असेल तर शेंगदाण्याचा लाडू आणि केळं, नाहीतर दही-भात. मधुमेह असेल तर काय आणि किती ते डॉक्टरांना विचारून ठरवा, पण उपाशी झोपवू नका.

मिठाबद्दल मात्र सांभाळायचं. पोटात पाणी असेल तर दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून साधारण पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ. पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे बाजूला. पण अळणी जेवण ताटातच राहत असेल तर त्या पथ्याचा उपयोग काय? लिंबू पिळा, लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, कोथिंबीर घाला. हळदही घाला, काही बिघडत नाही. बाजारात "कमी सोडियमचं" म्हणून मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, पाणी उतरवायच्या गोळ्या चालू असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि दारू? एक थेंबही नाही. त्यात चर्चेला जागा नाही.

वजनकाट्यावर विसंबू नका. पोटात आठ-दहा लिटर पाणी असताना काटा म्हणतो, वजन तेवढंच आहे! अंगणवाडीताई लेकरांच्या दंडाला पट्टी लावतात, ते आठवा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दोरा गुंडाळायचा, मिळेल तिथे गाठ मारून ठेवायची. पुढच्या महिन्यात तोच दोरा सैल झाला तर मांस झडतंय. डॉक्टरांना दोरा दाखवायला लाजू नका. पेशंट बाई असेल तर दोराही नको. तिच्या हातातल्या बांगड्या सांगतात. घट्ट बसणारी बांगडी सरकून कोपरापर्यंत यायला लागली की समजायचं.

बाईचं निघालंच आहे तर बोलूनच टाकते. पुरुष पेशंट असला की निदान पेज तरी वेळेवर मिळते. बाईला सिरॉसिस झाला तर पहिला प्रश्न कुजबुजत येतो, "ही पीत होती का काय?" थेंबही न पिता हा आजार होतो, हे कारणांच्या यादीत वर आलंच आहे. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, सरकारी रुग्णालयात विचारा. पण संशयाचं औषध कुठे मिळणार? ती बिचारी तोंड चुकवत राहते आणि जेवते सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. दूध लेकरांना, अंडं धन्याला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे आजार यायच्या आधीच कणगी रिकामी.

त्यात उपास. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, आणि आमच्या योगेश्वरीचं मार्गशीर्षातलं नवरात्र. मी स्वतः करते, त्यामुळे श्रद्धेबद्दल मला कुणी शिकवू नये. पण सिरॉसिसच्या बाईनं निर्जळी हरतालिका करणं म्हणजे एका दिवसात तीन दिवसांचा उपास. आमच्या शेजारच्या भाभी रोज्यांबद्दल हेच म्हणतात, आजाऱ्याला त्यांच्याकडेही सूट आहे. मग ती सूट घ्यायला आपण का लाजतो? सासूबाई, हा शब्द तुमच्या तोंडून आला पाहिजे. सुनेला स्वतः म्हणायचं धाडस होत नाही.

आता आपल्या जिल्ह्यापुरतं. दसरा-दिवाळी झाली की बीडची निम्मी गावं रिकामी होतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पार बेळगावपर्यंत कोयते निघतात. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा साऱ्या राज्यानं बीडच्या बायकांच्या पोटाची चर्चा केली. त्या पोटात किती आणि कधी जातं, याची चर्चा मला कुठे दिसली नाही. पहाटे चारला उठून थापलेली भाकरी, ती दुपारी फडात थंड खायची, रात्री गाडी भरून झाली की मिळेल ते. अशा कोपीत लिव्हरचा पेशंट असला तर? पोट साफ ठेवणारं पातळ औषध भ्रम टाळायला दिलेलं असतं, त्यानं दिवसातून दोन-तीनदा जावं लागतं, आणि तसं व्हायलाच हवं. पण फडात आडोसा नाही. बाई मग औषध टाळते, जेवणही निम्मं करते, कारण वारंवार जायची सोय नाही आणि खाडा झाला तर पैसे कापतात. तिला "पोटभर खा" सांगणं सोपं आहे. मुकादमानं आणि कारखान्यानं कोप्यांजवळ संडासाची सोय करायला हवी, ही मागणी जुनी आहे. लिव्हरच्या पेशंटसाठी ती जेवणाइतकीच निकडीची आहे.

पेशंट गावात मागे राहिला तर त्याच्याजवळ असते म्हातारी आई आणि शाळेत जाणारी पोर. म्हातारी दिवेलागणीला जेवते आणि झोपते, पेशंटलाही तेव्हाच वाढते. तेव्हा यंदा टोळी निघायच्या आधी उचलीचे पैसे मोजताना आणखी दोन गोष्टी ठरवून ठेवा. दुधाचा रतीब कुणाकडे लावायचा, आणि रात्री नऊला दुधात भाकरी कुस्करून पेशंटला उठवून कोण देणार. पोरीला सांगितलंत तर ती करेल, फक्त तिच्याही वाटीत दूध पडू द्या.